तिसरा पल्ला

सिगडीवर ढोल तापत होता, आणि हूरआपा माझ्या हातांकडे बघत होत्या.

सकाळचे साडेनऊ वाजले होते. ठाण्यातल्या एका नाट्यगृहाची मागची बाजू. कँटीनचे रिकामे क्रेट, दोरीवर वाळत घातलेली फडकी, आणि मधोमध निखाऱ्यांची सिगडी. ढोल कमरेएवढ्या उंचीचा होता. एकाच लाकडाचा, तळाला पाय कोरलेले. सिद्दी लोक, ज्यांचे पूर्वज शेकडो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून आले, त्याला मुगारमन म्हणतात. धगीवर कातडं ताणलं गेल्याशिवाय तो बोलत नाही. आपा त्याला थोड्या थोड्या वेळानं फिरवत, बोटाच्या पेरानं ठोकून कान लावत. मध्येच चिमूटभर लोबान निखाऱ्यावर टाकत. अठ्ठावन्न वर्षांची बाई. काळाभोर रंग, कुरळे दाट केस सगळे पांढरे झालेले, पायात कॅनव्हासचे जुने बूट.

"हात थरथरतायत तुझे," त्या म्हणाल्या.

"थंडी वाजतेय आपा."

"मे महिना आहे, सुदाम."

मी हात काखेत घातले. त्या पुन्हा ढोलाकडे वळल्या. त्या हसल्या की नाही ते मला धुरातून दिसलं नाही.

थांबा. हे मधूनच घेतलं. मुखड्यापासून घेतो.

*

मी सुदाम वायदंडे. ढोलकी वाजवतो. आमच्या घरात आजोबा हलगी वाजवायचे, वडील तमाशाच्या फडात ढोलकीवर होते. त्या सकाळी मी अठ्ठेचाळीस वर्षांचा होतो, पुण्यात माझा वर्ग होता, आणि पोस्टरवर माझ्या नावाआधी 'तिहाईचे बादशहा' असं छापत.

तिहाई काय असते ते सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. एकच तुकडा ओळीनं तीनदा वाजवायचा. प्रत्येक वेळेला एक पल्ला. तिसऱ्या पल्ल्याचा शेवटचा ठोका बरोबर समेवर पडला पाहिजे. सम म्हणजे तालाचं ते घर, जिथं गाणारा, वाजवणारा, ऐकणारा सगळे एकदम पोचतात. ज्याला तालातलं ओ की ठो कळत नाही त्याचीही मान तिथं आपोआप पडते. आणि तिहाई झाली की वाजवणं संपलं. त्यानंतर हात पुढं चालवणं कुणालाही जड जातं.

आता आपा. त्यांचं नाव हूरबाई. डोंगरीत जन्म, वडील बोटीवर खलाशी, आई गुजरातेतल्या सिद्दी वस्तीतली. आईकडून धमाल आली, म्हणजे दर्ग्यात ढोलावर चालणारं त्यांचं गाणं-नाचणं. शेजारणीकडून लावणी आली. वडील बोटीवरून परदेशी तबकड्या आणायचे, त्यातून सॅक्सोफोन आला. नव्वदच्या आसपास त्यांनी हे सगळं एका कॅसेटमध्ये घातलं. दुकानदारांना कळेना ही कॅसेट कुठल्या खणात ठेवायची. कुणी कव्वालीत ठेवली, कुणी इंग्रजीत, साताऱ्यात एकानं बालगीतांत. तरी ती खपली. वर्षभर आम्ही गावोगाव फिरलो. आपा मुगारमनवर आणि गाण्याला, मी ढोलकीवर, एक बेस गिटारवाला, आणि आपांची धाकटी बहीण जुबेदा, जिला सगळे जुबी म्हणत. ती नाचायची.

मग सगळं थांबलं. कॅसेट दिसेनाशी झाली, आपाही. दोन हजार तेरा साली कुणीतरी ती इंटरनेटवर चढवली आणि आपण जिला विसरलो अशी बाई होती हे लोकांना एकाएकी आठवलं. ऋजुता नावाच्या एका तरुण आयोजक मुलीनं आपांना मुंब्र्यात शोधून काढलं. शाळेच्या बसमध्ये मुलांना चढवायचं-उतरवायचं काम त्या बावीस वर्षं करत होत्या.

ऋजुतानं मला फोन केला. म्हणाली, त्या यायला तयार आहेत, पण एकाच अटीवर. ढोलकीवर सुदाम वायदंडेच हवेत.

ती खूश होती. मी खुर्चीत बसलो. बायकोनं विचारलं, कुणी गेलं का?

*

तालमी मुंब्र्याला, आपांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत, दुपारी. पहिल्या दिवशी दाराशी उभा राहून मी एक वाक्य मनात घोळवत होतो. "आपा, त्या दिवशी मी बोलायला हवं होतं." लोकलच्या डब्यात, रिक्षात, जिन्यात तेच. दार उघडलं, त्यांनी मला वरून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, पोट सुटलंय, ढोलकी कुठं ठेवणार? मी ढोलकी कोपऱ्यात टेकवली.

पाच तालमी झाल्या. त्या दिवसाचा विषय त्यांनी एकदाही काढला नाही. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या चहा करत, लहान मुलांना दटावावं तसं नव्या बेसवाल्याला दटावत, गात. आवाज खाली उतरला होता, जाड झाला होता, पण धार तशीच होती. मी खोलीभर बघत असे. भिंतीवर आईवडिलांचा फोटो होता. जुबीचा नव्हता. नाही म्हणजे काय समजायचं? आपल्यात गेलेल्या माणसाचा फोटो लावतात. मग ती आहे? की बघवत नाही म्हणून लावला नाही? मी चहा संपवून ढोलकी ओढायचो.

आणि एक गोष्ट. सगळी गाणी आम्ही घोटली, शेवटची धमाल सोडून. प्रत्येक वेळी तिथं आलो की आपा ढोलावर पालथा हात ठेवत आणि म्हणत, "हे तिथंच."

शेवटच्या तालमीला मी बूट घालत होतो तेव्हा त्यांनी पाठीमागून विचारलं, "तुझी ती तिहाई अजून तशीच आहे का रे?"

मी हो म्हणालो.

"बरं," त्या म्हणाल्या, आणि दार लावलं.

त्या रात्रीपासून मला झोप नाही. मला वाटलं, हिनं मला बोलावलंय ते सगळ्यांसमोर उभं करायला. पुढच्या रांगेत माझे अकरा विद्यार्थी बसणार. धमाल सुरू झाली की ही माइक घेणार आणि सांगणार. काय सांगणार? ते मला ठाऊक होतं.

*

सन एक्याण्णव, फेब्रुवारी. पुण्यात एका मैदानावर बांधलेला मंच, दुपारचा कार्यक्रम. शेवटी धमाल. जुबी नाचता नाचता हालात गेली. हाल म्हणजे त्यांच्याकडे ढोल माणसाला आत घेऊन जातो ती अवस्था. डोळे उघडे, पण माणूस तिथं नाही. आपांच्या आजीनं घालून दिलेला नियम होता आणि आपांनी तो मला पहिल्याच दिवशी सांगितला होता. जो आत गेलाय तो परत येऊन ढोलाला हात लावत नाही, तोवर ढोल थांबवायचा नाही. तासभर लागो, दोन तास लागोत. नजर पायांवर ठेवायची, पाय सांगतात.

माझी नजर विंगेत होती. तिथं संयोजक घड्याळावर बोट आपटत होता. प्रमुख पाहुण्यांना निघायचं होतं. आणि माझ्या हातात एक तिहाई तयार होती. आठवडाभर बसवलेली, अवघड, सुरेख.

वाजवली. पहिला पल्ला, दुसरा, तिसरा. सम. सगळं मैदान एकदम 'वा' म्हणालं. ढोल थांबला. जुबी उभ्या उभ्या कोसळली. पुढं स्पीकरची लोखंडी कड होती. उजव्या कानातून रक्त आलं.

टाळ्या चालूच होत्या. लोकांना वाटलं, तेही नाचातलंच.

दवाखान्याच्या व्हरांड्यात त्यांच्या घरातले थोरले आले. त्यांनी एकच विचारलं, ढोल मधेच कुणी तोडला? आपा म्हणाल्या, "मी." थोरल्यांनी सांगितलं, मग आजपासून ढोलाला हात नाही. आपांनी मान हलवली. मी तीन हातांच्या अंतरावर उभा होतो. ढोलकी खांद्याला होती. मी काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, 'वायदंडे यांच्या तिहाईनं मैदान जिंकलं.' जुबीबद्दल एक ओळ नाही. वडिलांनी ते कात्रण चौकटीत बसवून घरात लावलं. पुढची बावीस वर्षं मी तीच तिहाई वाजवत आलो. तिच्यावर घर चाललं, नाव झालं.

(इथं एक मात्रा रिकामी सोडतो.)

*

आता पुन्हा सिगडी.

लोबानाचा धूर वर गेला. आपांनी ढोल ठोकून पाहिला, समाधान झालं नाही, पुन्हा धगीवर धरला. मी चौथ्यांदा लघवीला जाऊन आलो होतो. ऋजुता आली आणि हळूच म्हणाली की एकला दुसऱ्या नाटकाला थिएटर द्यायचंय, साडेबाराला बरोबर संपवा, मी विंगेतून खूण करीन.

विंग. घड्याळ. खूण.

"मलाही भीती वाटतेय, सुदाम," आपा ढोलाकडे बघत म्हणाल्या. ऋजुता गेली होती. "आवाजाची नाही. आवाज गेला तर गेला."

"मग?"

"तुझ्या हाताची."

तेव्हाच मी ते वाक्य बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "ढोल मी उचलतो आपा." त्या म्हणाल्या, ढोलाला कुणी हात लावू नका, थोरल्यांकडून परवानगी बावीस वर्षांनी मिळालीय, ती माझ्या हातांना मिळालीय.

पडदा उघडला. निवेदकानं आफ्रिकेहून आलेल्या थोर कलावंत अशी ओळख करून दिली. आपांनी माइक जवळ ओढला. "मी डोंगरीहून आलेय," त्या म्हणाल्या, "हल्ली मुंब्र्याहून. वाटेत कळव्याला गर्दी होती म्हणून लांबचा वाटला असेल प्रवास." सभागृह हसलं आणि तिथून त्यांचं झालं. दोन तास त्यांनी लोकांना धरून ठेवलं. लावणीच्या मधोमध आवाज खोल नेऊन बोटीच्या भोंग्यासारखा लावायच्या, बेसवाला गोंधळायचा, त्या मान हलवून त्याला परत आणायच्या. माणसं रडली, नाचली. मला काही ऐकू येत नव्हतं. मी गाणी मोजत होतो. नऊ राहिली. पाच. दोन.

शेवटून दुसऱ्या गाण्यात प्रेक्षकांवरचे दिवे थोडे वाढले, आणि मला ती दिसली.

तिसरी रांग, कडेची खुर्ची. पन्नाशीची, अंगानं भरलेली, डोक्यावरून निळी ओढणी. तिनं मान वाकडी करून डावा कान मंचाकडे केला होता. उजवा नाही. डावा.

माझा एक ठोका चुकला. पहिल्या रांगेत माझ्या सगळ्यात हुशार विद्यार्थिनीनं झटकन वर पाहिलं.

जुबी जिवंत होती. आनंद व्हायला हवा होता. मला फक्त एवढंच सुचलं की आता साक्षीदारही आली.

गाणं संपलं. टाळ्या पडल्या. त्या आवाजाच्या आडोशानं आपा माझ्याकडे वळल्या, ढोलाची दोरी आवळल्यासारखं केलं आणि बोलल्या.

"नीट ऐक, वेळ नाही. तुला वाटतं मी त्या दिवशी तुझ्यासाठी खोटं बोलले."

मीही ढोलकीची दोरी ओढल्यासारखं केलं.

"खोटं नव्हतं ते. मी जुबीचे पाय बघत होते. ती आत होती हे मला दिसत होतं. तुझा पहिला पल्ला झाला, मला कळलं तू काय करतोयस. मी हात चालू ठेवला असता तर ढोल तुटला नसता. पण तिहाई इतकी छान होती, सुदाम." त्यांनी गाठ मारली. "मला सोडवेना. तिसऱ्या पल्ल्याला माझाही हात तुझ्याबरोबर समेवर पडला. मी पण वा म्हणाले. बहीण पडायच्या आधी मी वा म्हणाले."

टाळ्या विरत चालल्या होत्या.

"मग मला का बोलावलंत?" मी विचारलं.

"आज दुसरा कुणी असता तर मला तो मोहच झाला नसता," त्या म्हणाल्या, आणि मुगारमनवर पहिला हात पडला.

*

धमाल सावकाश सुरू होते. चालल्यासारखी. मग चालणारा घाईत येतो, मग धावतो. आम्ही तालीम केली नव्हती, पण हातांना रस्ता माहीत होता. दहा मिनिटं झाली असतील. जुबी खुर्चीत तशीच, कान इकडं. नाचत नव्हती, हलत नव्हती. मी तिचे पाय शोधत होतो, ते पुढच्या खुर्चीआड होते. ती आत आहे का? बावीस वर्षं ती आतच आहे का?

विंगेत ऋजुता. घड्याळावर बोट.

मी मान फिरवली. पण हातांनी ते पाहिलं होतं. लोक म्हणतात हात सवयीनं चालतात. भीतीनंही चालतात. ज्या प्रसंगाला घाबरावं तोच प्रसंग आला की हात तेच करतात जे त्यांना येतं. मला कळायच्या आत पहिला पल्ला वाजून गेला होता.

तीच तिहाई.

पहिल्या रांगेत माझी पोरं पुढं सरकून बसली. त्यांना ती ओळखीची होती, याचसाठी तर पोरं आली होती. आपांनी माझ्याकडे पाहिलं. त्या चेहऱ्यावर राग नव्हता. माझ्या चेहऱ्यावर असेल तेच होतं. दुसरा पल्ला. सभागृहानं श्वास घेतला. मला थांबता येईना, मधेच सोडता येईना. ज्यानं कधी वाजवलंय त्यालाच हे कळेल, ते उतारावरून पळण्यासारखं असतं. तिसरा पल्ला. सगळ्या माना पडायच्या तयारीत वर गेल्या. आपांचा हात वर गेला. माझा हात वर गेला.

आणि वरच राहिला.

दोघांचेही.

समेच्या जागी काहीच नव्हतं. एवढं मोठं भोक मी आयुष्यात ऐकलेलं नाही. कुणीतरी एकट्यानंच चुकीच्या जागी टाळी वाजवली आणि शरमून थांबला. पहिल्या रांगेत माझ्या विद्यार्थिनीनं डोळे मिटले. गुरुजींची सम चुकली. भर सभेत, स्वतःच्या तिहाईत.

मग दुसऱ्या मात्रेवर आपांचा हात पडला. तिसरीवर माझा. आम्ही चालू लागलो.

ऋजुता विंगेत दोन्ही हात हलवत होती. नंतर तिनं हलवायचं सोडलं. नंतर ती खाली बसली. लोकांना कळेना हे चाललंय काय, काही उठून गेले, बाकीचे बसले. किती वेळ गेला सांगता येत नाही. बोटांची कातडी फुटली. भीती मात्र तिथंच होती, शेजारी बसलेली. पण आता ती मला ओढत नव्हती.

जुबी उठली. कठड्याला धरून पायऱ्या चढली, एकेक पायरी, गुडघे दुखत असावेत. मंचावर आली. नाचली नाही. सरळ मुगारमनपाशी गेली, वाकली आणि डावा कान ढोलाच्या लाकडाला लावला. आपांचे हात तिच्या गालाच्या इतके जवळ पडत होते की ओढणी हलत होती. ती ऐकत राहिली. मी तिच्या पायांकडे बघत होतो. दोन्ही तळवे जमिनीवर सपाट टेकले होते.

मग तिनं ढोलाच्या कातड्यावर हात ठेवला. ढोल थांबला.

"आले," ती म्हणाली.

जुबीनं माझ्याकडे पाहिलं, जरा वेळ पाहिलं.

"हा तोच का?"

"तोच," आपा म्हणाल्या.

"म्हातारा झाला की." आणि ती कपाळावरचा घाम ओढणीनं पुसत खाली बसली.

*

एकचं नाटक दोनला सुरू झालं. त्या लोकांनी ऋजुताला बरंच सुनावलं.

दुसऱ्या दिवशी पेपरात आपांचा फोटो आला, मोठा, हसरा. खाली चार स्तंभ त्यांच्यावर. अगदी शेवटच्या परिच्छेदात माझ्याबद्दल एक वाक्य होतं. 'ज्येष्ठ ढोलकीवादक वायदंडे यांची अखेरच्या तिहाईत सम चुकली.'

कापून घेतलं आणि भिंतीवर लावलं. चौकट जुनीच आहे.